गोल जॉबसाठी फोर्थ अ‍ॅक्सिस घ्यायच्या आधी ड्रॉइंग बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या उद्योग पुरवणीत नवीन वर्कशॉप टाकणाऱ्या पोरांसाठी लेख आला होता, लोन कसं काढायचं, शेड कुठं बघायची, मशीन कुठली घ्यायची वगैरे. लेख चांगला होता, लोनचा भाग तर कात्रण काढून ठेवण्यासारखा. पण त्यात एक वाक्य असं होतं की मिलिंगवर गोल जॉब करायचे असतील तर आता फोर्थ अ‍ॅक्सिसला पर्याय नाही, डिव्हायडिंग हेडचे दिवस संपले. (फोर्थ अ‍ॅक्सिस म्हणजे प्रोग्रामवर जॉब फिरवणारी सीएनसी रोटरी, आणि डिव्हायडिंग हेड म्हणजे हातानं क्रँक फिरवून जॉब ठरलेल्या कोनात फिरवायचं साधन.) हे वाचून आमच्या शेडमध्ये चहाच्या वेळी चांगलीच जुंपली, आणि शेवटी सगळे म्हणाले तुम्हीच लिहा पेपरला, म्हणून लिहितोय. मी शिरोलीत जॉबवर्क करतो, व्हॉल्व्ह, पंप, साखर कारखान्याचे स्पेअर, इचलकरंजीच्या लूमचे पार्ट, ट्रॅक्टरचं काहीबाही, जे येईल ते. त्यामुळं हे जे सांगतोय ते आमच्यासारख्या लहान शॉपचं आहे, मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं असतं आणि त्यांना माझ्या सल्ल्याची गरज पण नाही.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा पार्ट. लेथवर जॉब गोल होतो. मग त्या गोल जॉबवर कुठं चौकोन काढायचा असतो, कुठं षटकोन, कुठं स्लॉट, कुठं दात, कुठं सगळीकडनं सारख्या अंतरावर भोकं. हे काम मिलिंगचं, म्हणजे फिरत्या कटरनं कापायचं. तिथं जॉब ठरलेल्या कोनात फिरवायचा, घट्ट थांबवायचा, कट मारायचा, परत तेवढाच फिरवायचा. इंडेक्सिंग म्हणतात ते एवढंच, आणि हे फिरवण्या-थांबवण्यासाठी बाजारात पाच-सहा प्रकारची साधनं मिळतात, अगदी हातात मावणाऱ्या ठोकळ्यापासनं ते मशीनच्या निम्म्या किमतीच्या सीएनसी रोटरीपर्यंत. नवीन पोरगं चुकतं ते इथंच. ते दुकानात जाऊन विचारतं "सगळ्यात चांगलं कुठलं", आणि दुकानदार सगळ्यात महाग असलेलं दाखवतो. विचारायला पाहिजे ते असं की माझ्याकडं येणारा जॉब किती भागांत वाटायचा आहे, त्याचा डाया किती, लांबी किती, आणि नग किती. ह्या चार गोष्टी ड्रॉइंगवरच लिहिलेल्या असतात हो, सेल्समनला विचारायची गरजच नाही.

आता भागांचं बघा. आमच्या भागात जे जॉब येतात त्यातले बहुतेक दोन, चार नाहीतर सहा भागांचेच असतात. व्हॉल्व्हच्या स्पिंडलला हँडव्हील बसायला टोकाला चौकोन, म्हणजे चार. नट, प्लग, फिटिंग, म्हणजे षटकोन, सहा. पाना बसायला शाफ्टवर समोरासमोर दोन फ्लॅट, म्हणजे दोन. एकच कीवे (शाफ्टवर चावी बसायची खाच) असेल तर इंडेक्सिंगचा प्रश्नच येत नाही, व्ही-ब्लॉकमध्ये शाफ्ट ठेवायचा, टी-स्लॉटमधनं क्लॅम्प मारायचे आणि कीवे कापून मोकळं व्हायचं, तरी मी अशी पोरं बघितलीत की एका कीवेसाठी अख्खं डिव्हायडिंग हेड टेबलावर चढवतात आणि सेटिंगमध्ये सकाळ घालवतात.

दोन-चार-सहासाठी सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात पहिली खरेदी म्हणजे कॉलेट ब्लॉकची जोडी, एक चौकोनी आणि एक षटकोनी. हार्डन करून ग्राइंड केलेला लोखंडी ठोकळा, मध्ये कॉलेट (बार सगळीकडनं सारखा आवळणारी, चिरा पाडलेली बुशी) बसतं, मागनं नाहीतर पुढनं नट आवळला की जॉब पक्का. ठोकळा नेहमीच्या मशीन व्हाइसमध्ये धरायचा, कट मारायचा, व्हाइस ढिला करून ठोकळा पुढच्या फेसवर फिरवायचा, परत आवळायचा. ना क्रँक, ना प्लेट, ना मोजणं. बाजूला एक स्टॉप लावला की लांबी पण आपोआप सारखी येते.

एक जॉब सांगतो म्हणजे लक्षात येईल. एम १६ च्या बोल्टला जो पाना लागतो तो २४ चा, म्हणजे समोरासमोरच्या फेसमध्ये २४ मिमी. असा षटकोन गोल बारमधनं काढायचा तर बार किती पाहिजे? २४ भागिले ०.८६६, म्हणजे २७.७, म्हणजे २८ चा ब्राइट बार (वरनं साफ केलेला गोल बार) घ्यायचा. प्रत्येक बाजूनं २ मिमी काढायचं. पहिला फेस थोडा जास्त ठेवून कापा, ठोकळा अर्धा फिरवून समोरचा फेस कापा, मायक्रोमीटर लावा, जेवढं जास्त भरेल त्याचं निम्मं कटर खाली घ्या, आणि मग त्याच सेटिंगवर सहाच्या सहा फेस मारून टाका. नंतरच्या नगांना मोजायची गरज पण राहत नाही, अधूनमधून एखादा चेक केला की झालं. फक्त एकच पथ्य आहे, प्रत्येक वेळी ठोकळा फिरवताना व्हाइसची बैठक आणि ठोकळ्याचा फेस ब्रशनं साफ करायचा. एक बारीकशी चिप खाली अडकली की तो फेस तिरका आलाच, आणि मग पोरं म्हणतात ब्लॉकच वाकडा आहे, दुकानदारानं फसवलं.

कॉलेट कुठलं हा पुढचा प्रश्न. बाजारात फाइव्ह सी आणि ईआर असे दोन प्रकार चालतात. फाइव्ह सी हे अमेरिकन पद्धतीचं, पकड फार छान, बार मागनं आरपार जातो, पण गोल बार जास्तीत जास्त सव्वा इंचाच्या एक सूत कमी, म्हणजे १ १/८ इंच, २८.५ मिमीपर्यंतच. शिवाय प्रत्येक कॉलेट आपल्या साइजच्या अगदी जवळचाच बार नीट धरतं, त्यामुळं ज्या ज्या साइज चालवायच्या त्या सगळ्या विकत घ्यायला लागतात. ईआरचं तसं नाही, मोठ्या साइजचं एक कॉलेट साधारण एक मिमीपर्यंत दबतं, त्यामुळं एक सेट घेतला की मधल्या सगळ्या साइज भागतात, ईआर ३२ मध्ये २० मिमीपर्यंत आणि ईआर ४० मध्ये २६ पर्यंत. आणि ज्याच्याकडं मिलिंगला ईआर होल्डर आहेत त्याच्याकडं कॉलेटचा सेट आधीच असतो, फक्त ब्लॉक घेतला की काम झालं. ईआरची अडचण एवढीच की जॉब कॉलेटच्या पूर्ण लांबीत आत पाहिजे, नुसत्या तोंडाशी धरलेला आखूड जॉब तिरका बसतो. आणि दोन्हीत सांगायचं म्हणजे ब्लॅक बार कॉलेटात घालू नका, एक तर तो गोल नसतो आणि वरचा पापुद्रा कॉलेटची वाट लावतो. आधी लेथवर साफ करा नाहीतर सरळ ब्राइट बार आणा.

आता भोकांचं. फ्लँजला पीसीडीवर (म्हणजे भोकांच्या सेंटरमधनं जाणाऱ्या वर्तुळावर) सहा नाहीतर आठ भोकं मारायची म्हटलं की लोक लगेच रोटरी टेबल (जॉब वर बांधून फिरवायचं गोल टेबल) शोधतात. अहो, मशीनला डीआरओ (टेबल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) असेल तर त्यात पीसीडीचं फंक्शन असतंच, सेंटर पकडा, डाया टाका, भोकं किती ते टाका, तो तुम्हाला एकेका भोकावर घेऊन जातो. डीआरओ नसेल तरी काय बिघडलं, १२० पीसीडीवर सहा भोकं म्हणजे पहिलं सेंटरपासनं ६० वर, दुसरं ३० आणि ५१.९६ वर, बाकीची सगळी ह्याच आकड्यांचं प्लस-मायनस. दहावीच्या त्रिकोणमितीतलं गणित आहे. टेबलाच्या डायलनं हे होतं, फक्त स्क्रूचा बॅकलॅश (ढिलेपणा) एकाच बाजूनं घेत यायचं. म्हणजे जिथं टूल वरून खाली येणार आहे आणि जॉब सपाट पडलेला आहे तिथं फिरवायचं साधन बहुतेक वेळा लागतच नाही, आणि हे एकदा कळलं की निम्मी खरेदी तिथंच वाचते.

मग डिव्हायडिंग हेड कुठं लागतं? जिथं दोन-चार-सहानं भागत नाही, नाहीतर जॉब कॉलेटमध्ये मावत नाही, नाहीतर लांब आहे. आमच्याकडचं चांगलं उदाहरण म्हणजे ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देतो तो. त्याला सहा स्प्लाइन (शाफ्टवरचे लांब दात), म्हणजे भाग सहाच, कुणी म्हणेल षटकोनी ब्लॉक घ्या. पण त्याचा डाया १ ३/८ इंच, जवळजवळ ३५ मिमी. फाइव्ह सी २८.५ ला संपलं, ईआर ४० त्याच्याही आधीच संपलं. वर शाफ्ट लांब, एका टोकाला धरून कटर लावला तर दुसरं टोक थरथरणार आणि स्प्लाइनवर लाटा उमटणार. इथं चक आणि टेलस्टॉकवालं हेडच पाहिजे. आणि सहाच भाग आहेत म्हटल्यावर क्रँक फिरवायची पण गरज नाही, बहुतेक हेडांना स्पिंडलच्या नाकावर २४ भोकांची डायरेक्ट प्लेट असते, वर्म (क्रँकला जोडलेला आतला स्क्रू) सोडवायचा, स्पिंडल हातानं फिरवायचा, चार-चार भोकं पुढं जायचं, लॉक मारायचं. २, ३, ४, ६, ८, १२, २४ हे सगळे भाग त्यातनं निघतात. ही सोय आपल्याच हेडला आहे हे माहीत नसलेले मशिनिस्ट पण मी बघितलेत. पीटीओचाच दुसरा प्रकार २१ स्प्लाइनचा असतो, जास्त आरपीएमवाल्या अवजारांना, तिथं मात्र क्रँकच.

आयटीआयच्या मशिनिस्ट ट्रेडला हे शिकवतात, ४० भागिले एन (एन म्हणजे किती भाग पाडायचे ते), सगळ्या पोरांना पाठ असतं. हेडच्या आत वर्म आणि ४० दातांचं वर्म व्हील, क्रँक ४० वेळा फिरवली की स्पिंडल एकदा फिरतो. सात भाग पाहिजेत तर ४० भागिले ७, म्हणजे पाच पूर्ण फेऱ्या आणि वर ५/७ फेरी. ती ५/७ मोजायला भोकांची प्लेट. २१ भोकांच्या वर्तुळावर ५/७ म्हणजे १५ भोकं. इथपर्यंत पेपरात सगळे बरोबर लिहितात. मशीनवर उभं केलं की गंमत सुरू होते, कारण १५ भोकं म्हणजे भोकांमधली १५ अंतरं, पिन आत्ता ज्या भोकात आहे ते धरायचं नाही. म्हणून ते दोन सेक्टर आर्म असतात ना, त्यांच्यामध्ये पिनचं भोक धरून १६ भोकं दिसली पाहिजेत. पिन डाव्या आर्मला टेकलेली, पाच फेऱ्या मारायच्या, पुढं उजव्या आर्मपर्यंत जाऊन पिन भोकात सोडायची, आणि लगेच दोन्ही आर्म सरकवून डावा आर्म परत पिनला टेकवायचा. लगेच म्हणजे लगेच, कट मारल्यावर नाही, कारण मध्ये कुणाचा फोन आला की आर्म सरकवलेत का नाही तेच आठवत नाही आणि सातव्या कटनंतर परत फिरवलं की जॉब पहिल्या खाचेत येऊन बसत नाही. पिन भोकाच्या पुढं गेली तर तशीच मागं आणून सोडायची नाही, चांगलं पाव-अर्धी फेरी मागं जाऊन परत पुढनं यायचं, नाहीतर वर्मचा बॅकलॅश जॉबमध्ये उतरतो. आणि कटच्या आधी स्पिंडल लॉक.

ह्या पद्धतीचा एक फायदा लेखात कुठंच नव्हता. प्लेटच्या भोकात थोडी चूक असली तरी ती वर्ममधनं येता येता चाळीसपट कमी होते. स्पिन इंडेक्सर म्हणून जे स्वस्तातलं मिळतं, फाइव्ह सी कॉलेटवालं, त्यात प्लेट थेट स्पिंडलवरच असते, म्हणजे भोकाची चूक सरळ जॉबवर. शिवाय ते एकेका डिग्रीनंच फिरतं, त्यामुळं सात भाग, अकरा भाग, तेरा भाग त्याच्यावर येतच नाहीत. पंचला फ्लॅट मारायला, सरफेस ग्राइंडरवर, टूलरूमच्या बारीकसारीक कामाला ते ठीक, पण मिलिंगवर १६ मिमीचा एंडमिल कटर लावून त्यात जोर काढायचा नाही, त्याचा तो जीव नाही.

प्लेटांबद्दल एक सांगतो, कारण जुनं हेड घेताना इथंच फसवणूक होते. ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या तीन प्लेटा येतात, पहिलीवर १५ ते २० भोकांची वर्तुळं, दुसरीवर २१, २३, २७, २९, ३१, ३३ आणि तिसरीवर ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९. ह्या तीन असल्या की ५० पर्यंतचा कुठलाही भाग सरळ निघतो. जुन्या बाजारात हेड मिळतं पण प्लेट एकच असते, बाकीच्या दोन कुठं गेल्या कुणालाच ठाऊक नसतं, आणि नंतर करून घ्यायला गेलं की कळतं त्याचा खर्च काय ते. म्हणून कोपऱ्यात धूळ खात पडलेलं हेड स्वस्तात मिळतंय म्हणून उचलायच्या आधी प्लेटा मोजा, क्रँक फिरवून रेशो बघा कारण सगळीच हेडं ४० ची नसतात, आणि स्पिंडल चार वेगवेगळ्या जागी फिरवून प्रत्येक ठिकाणी बॅकलॅश बघा. बरेच जण रोज शून्यापासनंच काम सुरू करतात, त्यामुळं वर्म व्हील एकाच जागी जास्त झिजलेलं असतं, तिथं ढिलं काढायला वर्म आत घेतला की दुसरीकडं घट्ट होऊन अडकतो. असं हेड फुकट मिळालं तरी घेऊ नका. टेलस्टॉक त्याच हेडचं आहे का ते पण बघा, सेंटर हाइट जमत नसेल तर खाली पट्ट्या घालत बसायचं. दोन सेंटरमध्ये ग्राइंड केलेला टेस्ट बार धरायचा आणि वरनं आणि बाजूनं असा दोन्हीकडनं डायल गेज फिरवायचा, दोन मिनिटांत दूध का दूध होतं. आपल्याकडं एचएमटीच्या एफएन-२ सारख्या मिलिंगबरोबर घेतलेली जुनी हेडं अजून फिरतात, त्यातली काही आजच्या नवीन स्वस्त हेडांपेक्षा कितीतरी चांगली आहेत, फक्त पारखून घ्यायला पाहिजे.

नवीन घेताना "युनिव्हर्सल" आणि "सेमी युनिव्हर्सल" ह्यातला फरक विचारून घ्या. १२७ दातांचं गिअर, म्हणजे इंचाच्या लेथवर मेट्रिक आटे काढायला लागतं ते, साध्या प्लेटनं निघत नाही, त्याला डिफरन्शियल इंडेक्सिंग लागतं, म्हणजे हेडच्या मागनं चेंज गिअर जोडायची सोय पाहिजे. हेलिकल काम करायचं तर हेड टेबलाच्या स्क्रूला जोडायला लागतं. सेमी युनिव्हर्सल हेडला सहसा ही सोय नसते. पण खरं सांगू का, तुमच्या ड्रॉइंगात असलं काही नसेल तर त्याचे जादा पैसे कशाला द्यायचे? गिअर आलाच तर हॉबिंगवाल्याकडं (गिअरचे दात कापणाऱ्याकडं) द्या, कोल्हापुरात ते भरपूर आहेत.

रोटरी टेबलचं काम वेगळं. आर्क आणि किडनीच्या आकाराचा स्लॉट, म्हणजे मोटारच्या ब्रॅकेटला अ‍ॅडजस्टमेंटसाठी असतो तसला गोलाईतला स्लॉट, किंवा प्लेटच्या कडेला रेडियस मारायचा, हे साध्या मिलिंगवर रोटरी टेबलच नीट करतं. त्याचा रेशो बहुतेक वेळा ७२ नाहीतर ९० असतो, ९० असेल तर एका फेरीत ४ डिग्री. डायलवर डिग्री-मिनिटं बघून काम चालतं, पण सात भाग पाडायचे तर एक भाग ५१ डिग्री २५ मिनिटं ४३ सेकंद. हा आकडा दर वेळी आधीच्यात मिळवत गेलात तर चूक साठत जाते, आधीच कागदावर पूर्ण यादी काढून ठेवा, ५१-२५-४३, १०२-५१-२६, १५४-१७-९ असं, आणि शून्यापासनं वाचत जा. मिनिट चुकलं तर काय फरक पडतो म्हणणाऱ्यांसाठी, १०० मिमी रेडियसवर एक मिनिट म्हणजे जवळजवळ ३० मायक्रॉन. मोठ्या फ्लँजला चालेल, क्लचच्या दातांना चालणार नाही. आणि दुसरी गोष्ट उंची. टेबलावर रोटरी, रोटरीवर चक, चकात जॉब, वर ड्रिल चक आणि ड्रिल, एवढं सगळं रचल्यावर लहान मशीनवर स्पिंडल आणि जॉबमध्ये जागाच उरत नाही. टेप लावून मोजा आणि मग घ्या. मला विचाराल तर लांब शाफ्टवाल्यानं हेड, प्लेटवाल्यानं रोटरी, आणि ज्याला दोन्ही येतं त्यानं आधी हेड.

आता फोर्थ अ‍ॅक्सिस. मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. सिलिंडरवर गुंडाळलेला कॅमचा खोबणीदार ट्रॅक असेल, म्हणजे कटर चालू असतानाच जॉब फिरला पाहिजे, तिथं त्याला पर्याय नाही हे कबूल. बॉडीच्या चार बाजूंना वेगवेगळ्या कोनात भोकं आहेत, एकमेकांशी टॉलरन्स टाइट आहे, नग शेकड्यांत आहेत, तिथं एका क्लॅम्पिंगमध्ये सगळं निघतं, हे काम हातानं करणारा वेडा ठरेल. पण त्यासाठी आधी तुमच्या व्हीएमसीच्या (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंगच्या) पॅनेलमध्ये चौथ्या अ‍ॅक्सिसचा ड्राइव्ह आहे का, वायरिंग आहे का, कंट्रोलमध्ये तो ऑप्शन चालू आहे का ते बघावं लागतं, नसेल तर रोटरीच्या किमतीवर आणखी एक बिल येतं. रोटरीचा ब्रेक किती धरतो ते बघावं लागतं, कारण सेंटरपासनं लांब कट मारला की ब्रेकच सांगतो त्याची लायकी. शिवाय ती एकदा बसवली की टेबलाची निम्मी जागा गेली, सपाट जॉब आला की काढायची, परत बसवायची, परत डायल गेज लावून जुळवायची. आमच्याच लाइनीत एका पोरानं नवीन व्हीएमसीबरोबर पॅकेजमध्ये फोर्थ अ‍ॅक्सिस घेतली, विकणाऱ्यानं त्याला सांगितलं की गोल जॉब म्हणजे हेच लागतं. पोरगं हुशार आहे, प्रोग्रामिंग चांगलं करतं. पण त्याच्याकडं येतात व्हॉल्व्हचे स्पिंडल, टोकाला चार फ्लॅट, बस्स. त्याच टेबलावर चौकोनी ब्लॉक लावून दोन-तीन व्हाइस शेजारी शेजारी ठेवले असते तर एका सायकलमध्ये तेवढेच नग निघाले असते, आणि जो हप्ता तो आता फोर्थ अ‍ॅक्सिसचा भरतोय त्यात एक हेल्पर ठेवता आला असता. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, त्याचा धंदाच तो आहे. ड्रॉइंग बघायला मागितलं नाही हे मात्र खटकतं.

म्हणून मला तुमच्या लेखाची काळजी वाटली. पीएमईजीपीची (केंद्राच्या सबसिडीवाल्या रोजगार कर्ज योजनेची) मर्यादा मॅन्युफॅक्चरिंगसाठी २०२२ मध्ये २५ लाखांवरून ५० लाख झाली, मुद्राची २०२४ च्या बजेटमध्ये, आधीचं 'तरुण' गटातलं कर्ज फेडलेल्यांसाठी, २० लाखांपर्यंत वाढवली, पोरांच्या हातात पैसे येतायत ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे पैसे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि कोटेशनवर मिळतात, आणि कोटेशनमध्ये नसलेली वस्तू नंतर घ्यायची तर ती खिशातनं. बघतो काय, कोटेशनमध्ये मशीन असतं, कधी ही फोर्थ अ‍ॅक्सिस असते, आणि खाली एका ओळीत "अ‍ॅक्सेसरीज, एक सेट". त्या एका सेटमध्ये काय येणार हे कुणालाच माहीत नसतं, डिलिव्हरीला जे येतं ते घ्यायचं. मशीन उभं राहतं, उद्घाटन होतं, पेढे वाटले जातात, आणि पहिला सात खाचांचा जॉब आला की पोरगं शेजाऱ्याच्या शेडमध्ये हेड मागायला येतं. मी देतो, नाही म्हणत नाही, पण त्या सेटमध्ये जर नावानं लिहिलं असतं, डिव्हायडिंग हेड तिन्ही प्लेटांसह, त्याच सेंटर हाइटचं टेलस्टॉक, थ्री-जॉ चक बॅकप्लेटसह, ईआर ४० चा चौकोनी आणि षटकोनी ब्लॉक कॉलेट सेटसकट, तर तेच लोनमध्ये बसलं असतं आणि सबसिडी पण त्यावर धरली गेली असती.

जिल्हा उद्योग केंद्रात आणि बँकेत जे साहेब लोक हे रिपोर्ट तपासतात त्यांना पण विनंती आहे, "अ‍ॅक्सेसरीज, एक सेट" अशी ओळ दिसली की फाइल परत पाठवा, नावं लिहून आणायला सांगा. आणि फोर्थ अ‍ॅक्सिस दिसली की सोबत निदान एका जॉबचं ड्रॉइंग मागा ज्याला ती खरंच लागते.

तुमच्या लेखकांना हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर सुट्टीचा वार सोडून कधीही शिरोलीला या. सकाळी आलात तर बरं, दुपारनंतर डिस्पॅचची गडबड असते. सध्या लूमच्या रॅचेटचं (एकाच बाजूला फिरणाऱ्या दातेरी चाकाचं) काम चालू आहे, १७ दात, १७ च्या वर्तुळावर दोन फेऱ्या आणि सहा भोकं, क्रँक तुमच्याच हातात देतो.

आपला नियमित वाचक,
एक जॉबवर्कवाला,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर